मावशीचं नाक

गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने उडाली तर थेट किल्ल्याच्या बुरुजावर जाऊन पडावी, इतकं टाचणीबाईचं घर किल्ल्याला चिकटून होतं. एकदा तशी पडलीही होती. चादर आणायला ती वर गेली तेव्हा तिला तिथे पत्त्यांचा अर्धा डाव, रिकाम्या बाटल्या आणि भिंतीवर रंगाने लिहिलेली प्रेमिकांची नावं सापडली. चादर मात्र एका शेळीने निम्मी खाल्ली होती. "एवढ्या वर्षांत किल्ल्याने पहिल्यांदा कुणाकडून काही घेतलं," घरी येऊन ती म्हणाली, "आणि तेही माझ्याकडूनच!"

टाचणी हे नाव गावाने ठेवलेलं. अंगाने बारीक, पाठीने ताठ, आणि बोलायला लागली की टोचणार. त्यात धंदा शिवणकामाचा. ओठांत सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे निम्मं बोलणं ती मानेनेच करायची. गिऱ्हाइकांना ती मान वाचता यायची. खाली एक झटका म्हणजे 'कापड कमी पडतंय', वर एक झटका म्हणजे 'पोट आत घ्या'.

किल्ल्याच्या दाराची किल्ली तिच्याकडे असायची. ती सासऱ्यांकडून आली होती, आणि सासऱ्यांकडे कशी आली ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही. घर सगळ्यांत जवळचं, एवढीच काय ती पात्रता. मागची भिंत ठिकठिकाणी ढासळली होती आणि ज्याला जायचं तो तिथून आत जायचा. कुलूप होतं ते फक्त सभ्य माणसांसाठी. दाराशी सरकारी खात्याची निळी पाटी होती. ती वरून गंजत आली होती आणि आता तिच्यावर 'गुन्हा आहे' एवढीच अक्षरं उरली होती. नेमकं काय करणं गुन्हा आहे, ते गंज खाऊन बसला होता.

दाराच्या एका अंगाला सिंह कोरलेला होता. घडवणाऱ्याने सिंह कधी पाहिला नसावा, पण त्याच्या घरात मांजर नक्की होती. फुगलेले गाल, पोटाशी दुमडलेले पाय, आणि दुधाचं पातेलं कुठे ठेवलंय ते पक्कं ठाऊक असल्यासारखा चेहरा. वाघाची मावशी म्हणून अख्खं गाव त्या सिंहाला मावशीच म्हणायचं. टाचणीबाईची लेक शाळेत जाताना उडी मारून मावशीच्या नाकाला हात लावायची. पुढे उडी मारायची गरज उरली नाही, नुसता हात वर केला की पुरायचा. तिच्याआधी किती पिढ्यांनी असा हात लावला होता कोण जाणे. ते नाक गुळगुळीत झालं होतं आणि दुपारच्या उन्हात ओलं असल्यासारखं चमकायचं.

टाचणीबाईचा नवरा गवंडी होता. आयुष्यभर लोकांची घरं बांधून झाल्यावर त्याने स्वतःच्या घरावर दोन खोल्या चढवल्या. "किल्ला बघायला माणसं येतील, ती राहतील कुठे?" हा त्याचा प्रश्न. माणसं येतील का, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. तो पडला टाचणीबाईला, आणि तोही नवरा गेल्यावर. तरी तिने खोल्या मांडून ठेवल्या. पांढऱ्या चादरी, स्वतः शिवलेले पडदे, बेसिनवर आरसा, कागद न उघडलेली साबणाची वडी. दोन्ही खिडक्यांतून समोर दरवाजा आणि मावशी. नवऱ्याने खिडक्या मुद्दाम तशा काढल्या होत्या.

पाहुणा म्हणावा असा एकच आला, तोही गाडी बंद पडली म्हणून. रात्रभर खिडकीकडे पाठ करून झोपला. सकाळी दात घासताना म्हणाला, "समोर काय आहे ते?"

"किल्ला."

"हो का? बघण्यासारखा आहे?"

टाचणीबाई किल्ली शोधायला आत गेली, तोवर खाली मेकॅनिकने हॉर्न वाजवला. पाहुणा तोंड न धुताच निघून गेला.

तिने शहरातल्या कचेरीत खेटे घातले. शेवटी खात्याचे एक साहेब आले. पँटला कुसळं चिकटवून घेत त्यांनी किल्ल्याला अर्धा फेरा मारला, उरलेला अर्धा नजरेने मारला, आणि तिच्या अंगणात बसून पाणी प्यायले.

"बघण्यासारखं काय आहे इथे, काकू? कुठली लढाई झाली नाही, कुणी मोठा माणूस राहिला नाही. चार भिंती, एक टाकं आणि हे मांजर."

"लढाई झाली नाही हा काय किल्ल्याचा दोष? वचक होता म्हणून झाली नसेल."

"तसं नव्हे. पण लोकांना सांगायला काहीतरी लागतं ना," साहेब म्हणाले आणि एकेक कुसळ उपटून अंगणात टाकत राहिले. पुढच्या वर्षी तिथे कुसळांचं रान माजलं. खात्याने त्या जागेवर केलेली तेवढीच लागवड.

सांगायला काहीतरी टाचणीबाईकडे होतं, पण साहेबांना सांगण्याजोगं नव्हतं. लेक लहानपणी जेवायची नाही. तोंड गच्च मिटून बसायची. तेव्हा टाचणीबाईने तिला एक गोष्ट रचून सांगितली होती. किल्ल्याच्या दारावर एक म्हातारी राखणदारीण होती, एका डोळ्याने अधू आणि ठार बहिरी. शत्रू आला, खालून धमक्या देऊ लागला. आतले सगळे मागच्या दाराने पळाले. म्हातारीला काही ऐकूच आलं नाही, ती आपली दार झाडत बसली. शत्रू एक पायरी वर आला की लेकीने एक घास घ्यायचा. म्हातारी झाडतेच आहे. शेवटी शत्रू म्हणाला, ही बाई एवढी निवांत आहे म्हणजे आत केवढी फौज असेल! आणि तो परत गेला. तोवर ताट रिकामं झालेलं असायचं. या गोष्टीत खरं काही नव्हतं, एक लेकीचं पोट भरलं ते सोडून.

ती लेक आता मोठी झाली होती. हॉटेलात पाहुण्यांशी कसं बोलावं, हसावं, रागावलेल्या माणसाला कसं शांत करावं, याचा कोर्स करून आली होती. लांबच्या एका मोठ्या शहरात तिला नोकरीही लागली. आठवड्याभराने निघायचं होतं, बॅग पलंगावर उघडी पडली होती.

"मी मरायला नाही चाललेय, आई. नोकरीला चाललेय."

"वर दोन खोल्या आहेत. त्यांचं कोण बघणार?"

"त्यांचं बघायचं काय? चादरी बदलायच्या? त्या तर कुणी वापरल्याच नाहीत."

"वापरतील."

"आई, बाबा पण हेच म्हणायचे."

टाचणीबाईने तोंडात टाचण्या धरल्या. एकुलती एक लेक, गेली की पाहुण्यासारखी येणार, आणि पाहुणे या घरात कसे येतात ते तिला चांगलं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात गॉगल आला. तो हायवेवर हॉटेल बांधत होता. हॉटेल म्हणजे अख्खा किल्लाच. बुरुजांत एसी खोल्या, तटावर फिरायला रस्ता, मध्ये पोहण्याचा तलाव, संध्याकाळी दिव्यांचा खेळ. गॉगल घरातही काढायचा नाही, म्हणून नाव गॉगल. माणूस तसा गोड बोलणारा.

"सगळं आहे, काकू, पण दरवाजा नाही. दरवाजा खऱ्यासारखा पाहिजे. तुमच्या दाराचा साचा काढू, फायबरमध्ये ओतू. दाराला काही होत नाही."

"खरा इथे उभा असताना खोट्याकडे कोण येईल?"

"खऱ्याला पार्किंग आहे? बाथरूम आहे? तुम्ही रागावू नका, पण खऱ्याला रात्री दिवा तरी आहे?"

तिला रागावता आलं नाही. हेच सगळं तिने कचेरीत अर्ज करकरून मागितलं होतं.

गॉगलने तिच्यासमोरच खात्याच्या साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. "अहो, तिथे बघण्यासारखं आहे काय?" साहेबांचा आवाज आला. "करा काय करायचं ते. पाडू नका म्हणजे झालं."

टाचणीबाईने किल्ली द्यायला दोन अटी घातल्या. एक, हायवेवर पाटी लावायची: मूळ किल्ला इकडे, असा बाण काढून. "मोठी हवी. आणि न गंजणारी." दुसरी, लेकीला तुमच्याकडे नोकरी.

"एवढंच ना?" गॉगल म्हणाला. "अशी मुलगी मला हवीच आहे."

साचेवाला आपली माणसं घेऊन आला, दरवाजासमोर परांची बांधली. आधी ब्रशने दगडावरची धूळ काढायची, मग साबणाचं पाणी, मग रबराचे थर एकावर एक, आणि ते वाळलं की वरून प्लॅस्टरचं कवच. कमान झाली, खांब झाले. मावशीपाशी आल्यावर साचेवाला थांबला. त्याने तिच्या गालावर नख फिरवलं आणि बोट टाचणीबाईपुढे धरलं. बोटावर दगडाचं पीठ होतं.

"हिचा दगड आतून पिठूळ झालाय, काकू. वरचा पापुद्राच काय तो घट्ट आहे. रबर ओढताना हातात यायचा. आधी औषध पाजून दगड पक्का करायला लागेल, मग नीट वाळू द्यायचा. महिना तरी जाईल."

"महिना?" गॉगलने घड्याळ पाहिलं. "उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्यात. मांजर सोडून देऊ. कमान पुरे." मग तो टाचणीबाईकडे वळला. "पण मग दरवाजा तुमचा म्हणता येणार नाही, काकू. कमानी काय, कुठल्याही असतात. तो साधा दरवाजा झाला की पाटीचं काय, नोकरीचं काय, मला परत विचार करावा लागेल. बघा बुवा. किल्ली तुमच्याकडे आहे. तुम्ही म्हणाल तसं."

आजवर तिला कुणी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं नव्हतं. खात्याने नाही, गावाने नाही, नवऱ्याने तर खोल्यासुद्धा न विचारता बांधल्या होत्या. आणि म्हटलं ते नेमकं या घडीला. घरातून लेकीच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येत होता. चेन अडकत होती. ती दुरुस्त करून दे म्हणून लेक दोन दिवस मागे लागली होती आणि टाचणीबाईने मुद्दाम हात लावला नव्हता.

"काढा," ती म्हणाली.

"काकू, परत एकदा..." साचेवाला म्हणाला.

"काढा म्हटलं ना."

रबर दुसऱ्या दिवशी ओढलं. आवाज अगदी बारीक झाला, जुनं अस्तर उसवताना होतो तसा. साच्याच्या आत मावशी होती, उलटी, गालांसकट, नाकासकट, तिचा सगळा पापुद्रा रबराला चिकटून आलेला. आणि भिंतीवर होता तो एक फिकट, ओबडधोबड उंचवटा, सोललेल्या बटाट्यासारखा. साचेवाल्याने रबरातले कण ब्रशने झाडले. ते दाराच्या उंबऱ्यावर पडले. टाचणीबाई घरून केरसुणी घेऊन आली आणि काय करावं न कळून ते झाडत बसली.

संध्याकाळी लेक दाराशी गेली. सवयीने हात वर गेला आणि मधेच थांबला.

"आई, हे कसं झालं?"

"दगडच कुजका होता. आज ना उद्या पडणारच होतं."

लेकीने तिच्याकडे नीट पाहिलं. कोर्समध्ये माणसाचा चेहरा वाचायला शिकवतात, ते खरं असावं. ती घरी गेली, बॅग रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि उद्घाटनाच्या दिवसापासून हायवेवरच्या किल्ल्यात कामाला लागली. ती राहिली. मात्र खऱ्या किल्ल्याकडे परत फिरकली नाही. बसस्टॉपला जायला लांबून वळसा घालायची.

गॉगल शब्दाचा पक्का निघाला. पाटी मोठी लावली, न गंजणारी. सुरुवातीला बाण बघून काही लोक आलेही. दाराशी यायचे, सोललेला दगड बघायचे, "तिकडचाच छान आहे" म्हणायचे आणि बाथरूम कुठे ते विचारायचे. पुढे सुट्टीच्या दिवशी हॉटेलात गाड्या मावेनात, तेव्हा पाटीवर 'जादा वाहनतळ' अशी ओळ वाढली. ती ओळ मोठी, म्हणून वरची लहान झाली. आता रविवारी किल्ल्याच्या दारासमोर गाड्या लागतात. साहेबही एकदा सहकुटुंब येऊन गेले. या भागात पर्यटन वाढवल्याबद्दल खात्यात त्यांचं कौतुक झालं म्हणे. येताना त्यांनी गाडी मावशीच्या खालीच लावली होती.

वरच्या दोन्ही खोल्याही भरल्या. एकीत हॉटेलातला स्वयंपाकी राहतो, दुसरीत खोटा किल्लेदार. हा किल्लेदार म्हणजे पूर्वी घरोघर विमा विकणारा एक भला माणूस. संध्याकाळी चिलखत घालून पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेतो आणि रात्री धुतलेली दाढी गच्चीवरच्या दोरीला चिमट्याने अडकवतो. चादरी रोज वापरल्या जातात. पहारेकऱ्यांचे अंगरखे शिवायचं कामही टाचणीबाईलाच मिळालं. तिला हवं होतं ते सगळं आलं. कुणाला सांगायची सोय नाही, इतकं सगळं आलं.

परवा किल्लेदाराच्या अंगरख्याची बाही उसवली. खेळाला थोडाच वेळ होता, म्हणून ती हॉटेलातच गेली, टेप गळ्यात टाकून. फायबरच्या दरवाजाखाली त्याला उभं करून, तोंडात टाचण्या धरून ती बाही लावू लागली. समोर माणसांचा घोळका होता आणि घोळक्यापुढे लेक, कानाला माइक लावलेला, ठेवणीतलं हसू.

लेक गोष्ट सांगत होती. राखणदारणीची. गॉगलने म्हातारीला तरुण केलं होतं, दोन्ही डोळे दिले होते आणि बसायला घोडाही दिला होता. पण झाडणं तसंच होतं. शत्रू एकेक पायरी चढत होता, लेक प्रत्येक पायरीला जरा थांबत होती, आणि टाचणीबाईच्या लक्षात आलं की पोरगी घासाची जागा सोडते आहे. नेमकी तेवढीच. लोक श्वास रोखून ऐकत होते. शत्रू परत गेला तेव्हा टाळ्या पडल्या.

"हे सगळं इतिहासात आहे?" कुणीतरी विचारलं.

"इथल्या जुन्या लोकांकडून आलेलं आहे," लेक म्हणाली. आईकडे तिने बघितलं नाही.

घोळक्यात एक आजी होत्या, काठी टेकत आलेल्या. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी मावशीच्या नाकाला हात लावला. नाक हुबेहूब तेच होतं, तोच गुळगुळीतपणा, दिव्यात तसंच ओलं चमकणारं. आजींनी बोटाने वाजवून पाहिलं. टक्. आत पोकळ.

"किती गोड आहे ग," त्या म्हणाल्या. "मला बाई खरंच बघायची आहे ही. मूळचा किल्ला इथेच कुठेतरी आहे ना? येताना पाटी दिसली. मी वाकडी वाट करून जाईन, मला घाई नाही."

टाचणीबाईचा हात बाहीवर थांबला. हायवेवरून जाणाऱ्या एवढ्या गर्दीत अशी एक बाई यावी, घाई नसलेली, वाकडी वाट करणारी, म्हणून तर नवऱ्याने वरच्या खिडक्या तशा काढल्या होत्या.

लेकीने एकदा आईकडे बघितलं. कपाटात कपडे लावले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच असं सरळ. मग आजींकडे वळून, कोर्समध्ये शिकवतात तसं मऊ हसून म्हणाली, "नाही हो, आजी. त्रास कशाला घेता? तिथे आता बघण्यासारखं काही नाही."

साहेबांनी हेच म्हटलं होतं, तेव्हा टाचणीबाई त्यांच्याशी भांडली होती. पण साहेब 'आता' म्हणाले नव्हते. तेव्हा ते खोटं होतं.

आजींची नजर तिच्या गळ्यातल्या टेपकडे गेली. "तुम्ही इथल्याच दिसता, बाई. तुम्ही सांगा. ही म्हणते ते खरं? काहीच नाही?"

लेक माइकची वायर सारखी करू लागली.

टाचणीबाईच्या ओठांत टाचण्या होत्या, ते एक बरं होतं. तिने मान हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. गिऱ्हाइकांना कळणारी ती खूण नव्हती, पण आजींना कळली. त्या "असं होय" म्हणाल्या आणि पुन्हा फायबरचं नाक कुरवाळू लागल्या.

टाचणीबाईने खाली बघून ओठांतली एक टाचणी काढली आणि बाहीत खुपसली.

"आई ग!" किल्लेदार ओरडला. "काकू, दाढी खोटी आहे हो, हात माझा खरा आहे!"

सगळे खळखळून हसले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग आहे.